निळा ढग कुठून येतो? गुरुत्वीय भिंगातून कृष्णद्रव्याचा नकाशा

प्रश्न असा आहे: बुलेट क्लस्टर या दीर्घिकांच्या समूहाच्या प्रसिद्ध चित्रात दीर्घिकांवर गुलाबी आणि निळे ढग पसरलेले दिसतात. निळा भाग म्हणजे कृष्णद्रव्य, अर्थात डार्क मॅटर, असं खाली लिहिलेलं असतं. जे दिसतच नाही त्याचा नकाशा काढतात कसा, आणि त्यावर विश्वास किती ठेवायचा?

आधी त्या चित्राबद्दल. गुलाबी ढग म्हणजे चंद्रा दुर्बिणीने टिपलेले क्ष-किरण. रंग आपण दिलेला असला तरी प्रकाश खरोखर तिथूनच आलेला आहे. निळ्या ढगातून मात्र आपल्यापर्यंत काहीच आलेलं नाही. समूहाच्या कितीतरी मागे असलेल्या असंख्य फिकट दीर्घिकांचे आकार मोजायचे, त्यांत किती ताण पडलाय ते काढायचं, त्यावरून उलट गणित मांडायचं आणि येणाऱ्या आकड्याला निळा रंग भरायचा, अशी ती कृती आहे. उलट गणित लॅपटॉपवर काही सेकंदांत होतं. बाकीची सगळी मेहनत नकाशातला कुठला उंचवटा खरा आणि कुठला मोजमापाच्या चुकीतून उगवलेला, हे ओळखण्यात जाते. आणखी एक गोष्ट लगेच सांगून टाकतो: निळा ढग हा एकूण वस्तुमानाचा असतो. वस्तुमान जवळून जाणारा प्रकाश वाकवून भिंगासारखं वागतं, आणि तारे, तप्त वायू आणि कृष्णद्रव्य यांत हे भिंग फरक करत नाही. मोठ्या समूहात ताऱ्यांचा वाटा दोन-चार टक्के, वायूचा १० ते १५ टक्के आणि उरलेला कृष्णद्रव्याचा, म्हणून ढोबळ मानाने निळ्याला कृष्णद्रव्य म्हटलं तरी चालतं. काटेकोर काम करायचं तर क्ष-किरणांवरून वायू आणि प्रकाशावरून तारे वजा करावे लागतात.

मूळ तत्त्व जुनं आहे. सूर्याच्या कडेला घासून येणारा किरण १.७५ विकला वाकतो (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला), आणि १९१९ च्या खग्रास ग्रहणात नेमकं हेच तपासलं गेलं. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहून दाखवलं की दिसणाऱ्या वस्तुमानात हा समूह एकत्र टिकूच शकत नाही. १९३७ मध्ये त्यांनीच सुचवलं की दीर्घिका भिंगासारख्या वागतील आणि त्यावरून त्यांचं वस्तुमान काढता येईल. त्याला पन्नास वर्षं लागली. १९८७ च्या सुमारास एबेल ३७० या समूहात एक लांबलचक कमान ठळकपणे पुढे आली, आणि पुढच्याच वर्षी तिच्या वर्णपटावरून कळलं की समूह ०.३७५ ताम्रसृतीवर (प्रकाश तांबड्याकडे किती सरकला याचं माप; जितकी जास्त तितकी वस्तू दूर) आहे तर कमान ०.७२५ च्या आसपास, म्हणजे बरीच मागे. ती समूहातली वस्तू नव्हेच, मागच्या दीर्घिकेची ताणलेली प्रतिमा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे आणि डी. नरसिंह यांनी त्या काळातच अशा कमानींच्या गणितावर काम केलं होतं.

या पद्धतीचं मोल कशात आहे? क्ष-किरणांवरून वजन काढताना वायू संतुलनात आहे असं धरावं लागतं. दीर्घिकांच्या वेगांवरून काढताना समूह स्थिरावलेला आहे असं धरावं लागतं. दोन समूहांची नुकतीच टक्कर झाली असेल तर दोन्ही गृहीतकं कोसळतात. भिंगाला यातल्या कशाचंच सोयरसुतक नसतं, वाटेत वस्तुमान किती आहे एवढंच प्रकाशाला कळतं.

मोजमापाचं एकक म्हणजे क्रांतिक पृष्ठघनता. समूहाला समोरून दाबून सपाट पत्रा केला, तर दर चौरस सेंटिमीटरला किती वस्तुमान असलं म्हणजे मागच्या वस्तूच्या अनेक प्रतिमा दिसू लागतील, तो हा आकडा. समूह ०.३ ताम्रसृतीवर आणि मागची दीर्घिका २ वर असेल तर तो सुमारे अर्धा ग्रॅम येतो. ताटात पाच मिलिमीटर पाणी ओतलं तर जेवढा थर होईल तेवढाच, फक्त ताट लाखो प्रकाशवर्षं रुंद. प्रत्यक्ष घनतेला या आकड्याने भागलं की जे गुणोत्तर मिळतं त्याला कॅपा म्हणतात, आणि निळा ढग हा बहुतेक वेळा कॅपाचाच नकाशा असतो.

गाभ्यात, जिथे कॅपा एकच्या आसपास जातो, तिथे एकाच दीर्घिकेच्या तीन, पाच, सात प्रतिमा उमटतात आणि कमानी बनतात. हे तीव्र भिंग. ज्या वर्तुळावर कमानी बसतात त्याची त्रिज्या कळली की आतलं वस्तुमान जवळजवळ मोफत मिळतं. वरच्याच उदाहरणात त्रिज्या ३० विकला असेल तर आत सूर्याच्या सुमारे १.३ लाख अब्ज पट वस्तुमान आहे. पण यात मागच्या दीर्घिकेचं अंतर बिनचूक हवं. एबेल ३७० च्या त्या कमानीची ताम्रसृती ०.७२५ ऐवजी कुणी २ धरली असती, तर वस्तुमान ४० टक्क्यांनी कमी आलं असतं. नुसत्या रंगांवरून अंतर काढून मॉडेल बांधणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तीव्र भिंगाचं काम या क्रमाने चालतं. हबल किंवा जेम्स वेबची किमान तीन-चार गाळण्यांतली छायाचित्रं घ्यायची. हबलच्या क्लॅश प्रकल्पात २५ समूह तब्बल १६ गाळण्यांतून टिपले होते, ते यासाठीच. मग मधल्या महाकाय दीर्घिकेचा आणि इतर सदस्यांचा प्रकाश वजा करायचा, कारण गाभ्यातल्या प्रतिमा त्या उजेडात बुडालेल्या असतात. नंतर एकाच दीर्घिकेच्या प्रतिमांची कुटुंबं शोधायची: रंग सारखा, आतले ठिपके सारखे, आणि शेजारच्या दोन प्रतिमा आरशासारख्या उलट. भिंग रंग बदलत नाही, म्हणून दोन प्रतिमांचा रंग मोजमापाच्या चुकीपलीकडे वेगळा असेल तर जोडी फेटाळायची, ती कितीही मोहक दिसली तरी.

त्यानंतर वर्णपट. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या म्यूझ या उपकरणाने इथे क्रांती केली. ते एक कला गुणिले एक कला एवढ्या चौकोनातल्या प्रत्येक बिंदूचा वर्णपट एकदम देतं, त्यामुळे छायाचित्रात न दिसणाऱ्या दीर्घिकाही हायड्रोजनच्या एका रेषेवरून सापडतात. एमएसीएस जे०४१६ या समूहात वर्णपटाने पक्क्या केलेल्या प्रतिमांची संख्या त्यामुळेच शंभराच्या वर गेली.

मॉडेल बांधताना लेन्सटूल किंवा ग्लॅफिकसारखी आज्ञावली वापरतात. समूहाचे वस्तुमानाचे एक-दोन मोठे पिंड, आणि प्रत्येक सदस्य दीर्घिकेसाठी एक छोटा. दोनशे दीर्घिकांचं वजन वेगवेगळं ठरवण्याइतकी माहिती कधीच नसते. म्हणून दीर्घिकेच्या तेजाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात तिच्यातल्या ताऱ्यांच्या वेगांचा पसारा आणि वर्गमुळाच्या प्रमाणात तिच्या पिंडाचा विस्तार, असा एकच नियम सगळ्यांना लावतात. मग मॉडेलने सांगितलेल्या प्रतिमा आणि प्रत्यक्ष प्रतिमा यांतलं सरासरी अंतर पाहायचं. चांगल्या समूहात ते अर्ध्या विकलेच्या आसपास येतं.

गंमत अशी की हबल एका प्रतिमेची जागा यापेक्षा दहापट अचूक सांगतं. म्हणजे उरलेली अर्धी विकला ही मॉडेलची कमतरता आहे: न धरलेले छोटे पिंड, दृष्टिरेषेवरचं दुसरं वस्तुमान, पिंडांचा जरुरीपेक्षा गुळगुळीत आकार. ती कमी करायला नवनवे पिंड टाकत गेलं तर आकडा खाली येतोच. पण तिथे दीर्घिका नाही, वायू नाही, आणि शेजारची एक प्रतिमा काढून टाकली की पिंडही नाहीसा होतो, असं झालं तर तो पिंड नव्हे, ठिगळ. ही चाचणी प्रत्येक कुटुंबासाठी करावी: ते वगळून मॉडेल पुन्हा बसवायचं आणि वगळलेल्या प्रतिमा कुठे यायला हव्यात हे मॉडेललाच विचारायचं. दोन-तीन विकलांच्या आत जागा चुकली तर ठीक. दहा विकला चुकली तर कुटुंब तरी चुकीचं आहे किंवा मॉडेल तरी. दुसरा नेहमीचा घोटाळा म्हणजे सर्वांत बाहेरच्या प्रतिमेच्या पलीकडचं मॉडेल खरं मानणं. तिथे आधारच नसतो. तिथला निळा रंग म्हणजे निवडलेल्या सूत्राची शेपटी.

या पद्धतीची खरी परीक्षा निसर्गानेच घेतली. नोव्हेंबर २०१४ मध्ये एमएसीएस जे११४९ समूहामागे, १.४९ ताम्रसृतीवर, रेफ्सडाल हा अधिनवतारा (सुपरनोव्हा) चार प्रतिमांत दिसला. आणखी एक प्रतिमा वेगळ्या, लांबच्या वाटेने येत असून ती नंतर दिसेल, असं मॉडेल सांगत होती. ती कुठे आणि केव्हा दिसेल याची भाकितं वेगवेगळ्या गटांनी आधीच जाहीर केली, आणि ११ डिसेंबर २०१५ ला हबलला ती दिसली. नंतरच्या बारकाईच्या मोजणीत उशीर सुमारे ३७६ दिवसांचा निघाला. सगळ्यांची भाकितं सारखीच चांगली नव्हती, पण उत्तर माहीत नसताना दिलेलं भाकीत असल्यामुळे कुणाला पळवाटही नव्हती. हबलच्या फ्रंटियर फील्ड्स प्रकल्पासाठी एरीस आणि हेरा नावाचे दोन बनावट समूह संगणकावर तयार करून गटांना सोडवायला दिले होते, त्यातूनही हेच दिसलं: कमानींच्या वर्तुळाच्या आतलं एकूण वस्तुमान सगळ्यांचं काही टक्क्यांत जुळतं, छोट्या पिंडांच्या तपशिलात आणि क्रांतिक रेषेजवळच्या, म्हणजे प्रतिमा सर्वांत जास्त मोठ्या होतात तिथल्या, विवर्धनात मात्र फाटाफूट होते.

तीव्र भिंग गाभ्यापुरतं. समूहाचं बहुतेक वस्तुमान त्याच्या बाहेर असतं आणि तिथे क्षीण भिंग वापरावं लागतं. या पद्धतीने समूहाभोवतीचा ताण पहिल्यांदा स्पष्टपणे मोजला गेला १९९० मध्ये, टायसन आणि सहकाऱ्यांकडून.

ताटात अक्षता विखुरल्या तर दाणे वाटेल त्या दिशेला तोंड करून पडतात. ताटाच्या मध्याभोवती कुणी हलकेच बोट फिरवलं तर एकेका दाण्याकडे पाहून काही कळणार नाही, पण शेकडो दाण्यांची सरासरी काढली तर ते किंचित गोल फेर धरून बसलेत हे कळेल. दीर्घिकांचं तसंच. प्रत्येक दीर्घिका जन्मतःच लांबट असते. लंबवर्तुळतेचा हा नैसर्गिक पसारा सुमारे ०.३ धरा. समूहाने घातलेला ताण, ज्याला शिअर म्हणतात, तो फार कमी असतो. दर सेकंदाला १००० किलोमीटर वेगपसारा असलेला समूह ०.३ ताम्रसृतीवर असेल, तर केंद्रापासून ३ कलांवर शिअर ०.०६ येतो आणि १० कलांवर ०.०२ च्याही खाली. चूक कमी होते ती संख्येच्या वर्गमुळाने. ०.०६ चा ताण पाच पट खात्रीने पकडायला ६०० च्या वर दीर्घिका लागतात. जमिनीवरच्या उत्तम छायाचित्रात दर चौरस कलेला वापरण्याजोग्या २० च्या आसपास मिळतात, म्हणजे ३० चौरस कला आकाश या एका आकड्यासाठी खर्ची पडतं. हबलमध्ये ८० मिळाल्या तर आठच चौरस कला पुरतात. नकाशा किती बारीक असू शकतो याची लक्ष्मणरेषा हीच. २० दीर्घिकांच्या घनतेवर नकाशा एक कला त्रिज्येने धूसर केला तर कॅपामधला नॉइज, म्हणजे यादृच्छिक चूक, ०.०२७ च्या आसपास राहतो. अशा नकाशात ०.०५ चा उंचवटा दाखवून कुणी नवा पिंड सापडला म्हणत असेल, तर तो उंचवटा नॉइजच्या दुप्पटही नाही, म्हणजे ती दोन-सिग्माचीसुद्धा गोष्ट नाही.

आता आकार मोजणं. या टप्प्यावर माणसं महिने घालवतात आणि घालवायलाच हवेत. वातावरण आणि दुर्बीण मिळून प्रत्येक बिंदूची एक छोटी चकती करतात, तिला पीएसएफ म्हणतात. मौना केआवरच्या सुबारू दुर्बिणीच्या हायपर सुप्रीम-कॅमला सरासरी ०.६ विकलेच्या आतबाहेरची चकती मिळते, आणि पृथ्वीवर याहून चांगल्या जागा फारशा नाहीत. मागच्या फिकट दीर्घिका साधारण तेवढ्याच लहान असतात. गोल चकती त्यांना गोलसर करते: दीर्घिका चकतीएवढीच असेल तर तिची लंबवर्तुळता साधारण निम्मीच उरते. चकती स्वतः लांबट असेल तर सगळ्या दीर्घिका त्याच दिशेला लांबट दिसतात, आणि हा खोटा ताण बरेचदा खऱ्याइतकाच, दोन-चार टक्क्यांचा, असतो.

उपाय म्हणजे तारे. तारा हा बिंदूच, म्हणून त्याचा आकार म्हणजे त्या जागची चकती. आकार विरुद्ध तेज असा आलेख काढला की तारे एका उभ्या पट्टीत दिसतात. त्या पट्टीतले ना फार तेजस्वी, ना फार फिकट असे निवडायचे. फार तेजस्वी ताऱ्यांची चकती संवेदकातच फुगते, कारण भरलेल्या चौकटीतले इलेक्ट्रॉन नव्या इलेक्ट्रॉनांना ढकलतात. फिकट ताऱ्यांत छोट्या दीर्घिका मिसळतात. मग छायाचित्रभर चकती कशी बदलते हे बहुपदीने बसवायचं, तेही प्रत्येक चिपसाठी वेगळं, कारण चिपच्या सांध्यावर ती उडी मारते. काही तारे बसवणीतून मुद्दाम बाहेर ठेवावेत आणि त्यांच्यावर उरलेली लंबवर्तुळता पाहावी. वेगवेगळ्या रात्रीची छायाचित्रं सरसकट एकावर एक रचून मग चकती मोजण्यापेक्षा प्रत्येक छायाचित्रातली चकती वेगळी मोजणं मला सुरक्षित वाटतं. रचलेल्या छायाचित्रात जिथे एका फोटोची कड संपते तिथे चकती अचानक बदलते आणि ती रेघ नकाशात पर्वतरांग होऊन उगवते.

हबलला वातावरण नाही, पण त्याचं स्वतःचं दुखणं आहे. किरणोत्सर्गाने संवेदकात खाचा पडतात, वाचन चालू असताना इलेक्ट्रॉन त्यात अडकतात आणि उशिरा सुटतात. त्यामुळे प्रत्येक वस्तूला वाचनाच्या दिशेला एक शेपटी फुटते, आणि फिकट वस्तूंना जास्त. म्हणजे नेमक्या आपल्याला हव्या त्या दीर्घिका एकाच दिशेला ताणलेल्या दिसतात. २००२ साली बसवलेल्या एसीएस कॅमेऱ्यात हे वर्षागणिक वाढत गेलं. दुरुस्तीची आज्ञावली आहे आणि ती कच्च्या आकड्यांवर, इतर बहुतेक संस्कारांच्या आधी, चालवायची असते. क्रम चुकला तर उपयोग शून्य.

एवढं करूनही मोजलेला शिअर खऱ्यापेक्षा काही टक्के कमी-जास्त येतो, कारण नॉइजमध्ये बुडालेल्या आकाराची सरासरी निःपक्षपाती नसते. म्हणून गॅलसिमसारख्या आज्ञावलीने ठाऊक असलेला ताण घालून बनावट छायाचित्रं तयार करतात, तीच मोजपट्टी त्यांवर चालवतात आणि दुरुस्तीचा गुणक काढतात. बनावट दीर्घिका खऱ्यांइतक्याच दाटीवाटीने पेरल्या पाहिजेत. समूहाच्या गाभ्यात शेजाऱ्याचा उजेड सांडून आकार बिघडतो आणि विरळ बनावट आकाशात हा दोष दिसतच नाही.

माझ्या मते मात्र सर्वांत जास्त नकाशे आकारामुळे नव्हे, निवडीमुळे बिघडतात. मागची दीर्घिका म्हणून समूहातलीच फिकट दीर्घिका घेतली गेली तर तिच्यावर ताण नसतोच, ती सरासरी पातळ करते. सदस्य केंद्रात दाट असतात, त्यामुळे पातळपणाही केंद्रातच जास्त. परिणामी गाभा सपाट दिसतो आणि समूह प्रत्यक्षापेक्षा विरविरीत वाटतो. समूहातल्या जुन्या दीर्घिका रंग-तेज आलेखात एका तांबड्या रेषेवर बसतात. त्या रेषेहून निश्चितपणे तांबड्या दीर्घिका बहुधा मागच्याच असतात, निळ्यांची मात्र खात्री देता येत नाही, त्यासाठी तीन-चार गाळण्यांवरून काढलेलं अंतर लागतं. तपासायचा सोपा उपाय: निवडलेल्या दीर्घिकांची घनता केंद्राकडे जाताना पाहा. ती वाढत असेल तर निवडीत सदस्य घुसलेत.

यानंतर नकाशा. कायझर आणि स्क्वायर्स यांनी १९९३ मध्ये दाखवलं की शिअर आणि कॅपा दोन्ही गुरुत्वाच्या एकाच विभवातून (पोटेन्शियलमधून) येतात, त्यामुळे एकावरून दुसरं थेट गणिताने काढता येतं: फूरिए रूपांतर करा (नकाशा लहानमोठ्या लहरींत फोडा), एका ठरलेल्या गुणकाने गुणा, परत या. करताना तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली, आपण शिअर मोजतच नाही, शिअर भागिले एक वजा कॅपा मोजतो. कॅपा ०.३ असेल तिथे दुर्लक्ष केलं तर ताण चाळीस टक्क्यांनी फुगतो. म्हणून आलेला नकाशा परत सूत्रात घालून तीन-चार फेऱ्या कराव्या लागतात. दुसरी, तेजस्वी ताऱ्यांमुळे झाकलेले भाग. तिथे माहिती नाही आणि गणित ती जागा शून्याने भरतं. कडांवरही तेच.

तिसरी अडचण जास्त खोल आहे. सगळ्या नकाशातून काही प्रमाणात वस्तुमान कमी करा आणि त्याऐवजी सारखा पातळ पत्रा पसरा, मागच्या दीर्घिकांचे आकार जसेच्या तसे राहतात. म्हणजे नुसत्या आकारांवरून एकूण वस्तुमान ठरतच नाही. नेहमीचा तोडगा म्हणजे कडेला कॅपा शून्य मानणं. पण हबलच्या एसीएसचं क्षेत्र सुमारे ३.४ कला रुंद आहे. वरच्या उदाहरणातल्या समूहात त्याच्या कडेलाही कॅपा ०.१ च्या आसपास असतो. तिथे शून्य मानलं की सगळा समूह हलका होतो. म्हणून सुबारूसारखी दीड अंश रुंद छायाचित्रं बाहेरच्या भागासाठी आणि हबलची आतल्यासाठी अशी सांगड घालतात. दुसरी वाट विवर्धनाची: भिंग आकाश ताणून दीर्घिका विरळ करतं आणि त्याच वेळी फिकटांना उजळून संख्या वाढवतं. तांबड्या दीर्घिकांत पहिला परिणाम जिंकतो, आणि किती विरळ झाल्या यावरून पत्र्याचा भाग पकडता येतो. वेगवेगळ्या अंतरांवरच्या बहुप्रतिमाही हीच कोंडी फोडतात.

कुठलाही नकाशा स्वीकारण्यापूर्वी दोन चाचण्या लागतात. प्रत्येक दीर्घिका ४५ अंशांनी फिरवून पुन्हा नकाशा काढायचा. वस्तुमानामुळे असा ताण येऊच शकत नाही, म्हणून हा नकाशा निव्वळ नॉइज असायला हवा. त्यात उंचवटे दिसले तर पीएसएफची दुरुस्ती अपुरी आहे. दुसरी, दीर्घिकांना यादृच्छिक फिरवून शेकडो नकाशे काढायचे आणि आपला उंचवटा त्यांत किती वेळा उगवतो ते मोजायचं.

आता बुलेट क्लस्टर, म्हणजे १ई ०६५७-५६, ताम्रसृती ०.२९६. छोटा समूह मोठ्यातून सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी आरपार गेला. वायू वायूला आदळून मध्ये अडकला, दीर्घिका सहज पार झाल्या. समूहात ताऱ्यांपेक्षा वायूचं वजन कितीतरी जास्त, म्हणून कृष्णद्रव्य नसतं तर वस्तुमानाचे उंचवटे वायूवर बसले असते. डग्लस क्लोव आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या नकाशात ते दीर्घिकांवर बसलेले निघाले, वायूपासून आठ सिग्मा दूर. हा निष्कर्ष मजबूत का? कारण तो उंचवट्याच्या जागेवर उभा आहे, उंचीवर नाही. वर सांगितलेला पत्रा, शिअरचा गुणक, अंतरातली चूक, हे सगळं उंची बदलतं, जागा सहसा बदलत नाही. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांना फार आदळत नाहीत, आदळण्याचं क्षेत्रफळ दर ग्रॅमला सुमारे एक चौरस सेंटिमीटरपेक्षा कमीच, ही मर्यादाही याच समूहावरून निघाली.

याच्याशेजारी एबेल ५२० ठेवून पाहावा. २००७ मध्ये तिथे वायूवर, दीर्घिका जवळपास नसलेल्या जागी, काळा गाभा दिसल्याचं प्रसिद्ध झालं. २०१२ मध्ये हबलच्या जुन्या कॅमेऱ्यातून त्याला दुजोरा मिळाला आणि त्याच वर्षी एसीएसच्या छायाचित्रांवरून दुसऱ्या गटाने सांगितलं की तिथे असा उंचवटा नाही. समूह तोच, पद्धतीही साधारण त्याच. फरक पडला दीर्घिकांच्या निवडीत, आकाराच्या दुरुस्तीत आणि छायाचित्रांच्या खोलीत. बुलेटमध्ये दोन मोठे उंचवटे दीर्घिकांच्या दोन स्पष्ट घोळक्यांवर बसतात, तर एबेल ५२० मधला दावा एका लहानशा उंचवट्यावर होता.

छोट्या पिंडांचा प्रश्न मात्र गेला नाही. मासिमो मेनेगेटी आणि येल विद्यापीठातल्या प्रियंवदा नटराजन यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की समूहातल्या एकेका दीर्घिकेचे पिंड भिंग म्हणून संगणकीय विश्वातल्या पिंडांपेक्षा सुमारे दहापट जास्त प्रभावी आहेत. संगणकीय विश्वाच्या सूक्ष्मतेत खोट आहे की कृष्णद्रव्याच्या समजुतीत, यावर वाद चालू आहे.

एकट्या समूहाचं क्षीण भिंगावरून काढलेलं वजन आजही २० ते ३० टक्के इकडेतिकडे असतं. कारण समूह गोल नसतात. आपल्याकडे टोक करून असलेला समूह जड आणि दाट दिसतो. एबेल १६८९ ची घनता अपेक्षेहून जास्त का येते यावर वर्षानुवर्षं चर्चा झाली, आणि उत्तराचा मोठा भाग हाच होता की तो दृष्टिरेषेत लांबट आहे. जास्त दीर्घिका मोजून ही चूक जात नाही. अनेक समूहांची सरासरी घ्यावी लागते, आणि पुण्याच्या आयुकातले सुहृद मोरे ज्यात आहेत त्या हायपर सुप्रीम-कॅमच्या सर्वेक्षणासारखी कामं तेच करतात.

स्वतः करून पाहायचं असेल तर दुर्बीण लागत नाही. हायपर सुप्रीम-कॅमच्या आकारांच्या याद्या सार्वजनिक आहेत, आणि फ्रंटियर फील्ड्सच्या सहा समूहांसाठी वेगवेगळ्या गटांनी काढलेले कॅपा आणि विवर्धनाचे नकाशेही हबलच्या संग्रहात मोफत आहेत. सुरुवात एबेल २७४४ पासून करा. दोन-तीन गटांचे कॅपा-नकाशे उतरवून घ्या, सगळे एकाच ताम्रसृतीच्या स्रोतासाठी आहेत ना ते फाइलच्या शीर्षात तपासा, एकाच मोजपट्टीवर आणा आणि एकमेकांतून वजा करा. वजाबाकीत जे उरतं त्याच्यावर छायाचित्रातल्या बहुप्रतिमांच्या जागा ठिपक्यांनी टाका. ठिपके जिथे दाट आहेत तिथे नकाशे कितपत जुळतात आणि ते संपतात तिथून पुढे कसे फाकत जातात, हे तासाभरात डोळ्यांसमोर येईल.